उशिराचे दात आणि काचेतलं ऊन

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "काका, तुमचा इथवरचा प्रवास लिहा." मी म्हणालो, बार्शीहून निघालो आणि अमेरिकेतल्या शॉमबर्गला पोचलो, एका ओळीत संपला प्रवास. त्या हसल्या. मग मीच म्हणालो, लिहायचंच असेल तर दातांवर लिहितो. लहान पोरांच्या. ज्यांना वेळेवर येत नाहीत त्यांच्या. त्यांनी विषय बदलून बघितला. पण मी एकदा म्हटलं की म्हटलं, हे त्यांना ठाऊक आहे.

माझं शिक्षण चौथी. सूनबाई म्हणाली, "बाबा, लिहून झालं की मी नीट करून देते." मी म्हटलं, माझं वाकडं आहे तसंच जाऊ दे.

बार्शीला मी पंचेचाळीस वर्षं काष्ठौषधीच्या दुकानात होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: मुळ्या, साली, बिया, डिंक, सुकलेल्या शेंगा, असला सगळा माल. वैद्य चिठ्ठी लिहिणार, आम्ही पुड्या बांधणार. नुसत्या वासावर मी माल ओळखायचो. बायको गेल्यावर मुलानं इकडे बोलावून घेतलं, एकोणीसशे ऐंशीच्या आसपास. तो आणि सूनबाई सकाळी आठला गाड्या काढून जायचे आणि मी टीव्हीसमोर. तीन महिने काढले. मग म्हटलं, मी काम करणार. मुलगा म्हणाला, "बाबा, इथे सगळे डॉक्टर-इंजिनिअर. त्यांचे वडील काम करतात का?" मी म्हटलं, त्यांना डाळ लागते की नाही?

तर मी डाळीच्या दुकानात लागलो. मालक गुजराती, सगळे त्यांना भाई म्हणत. मोठ्या पार्किंगच्या कडेला एका ओळीत पाच दुकानं, त्यातलं शेवटचं आमचं. पहिले सहा महिने मी पिशव्या भरल्या. मग एक दिवस एक तरुण बाई, कडेवर बाळ, हळूच विचारते, "काका, गुटीचं सामान ठेवता का हो?"

ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

पुढे जो कुणी देशात जाई त्याच्याकडून मी थोडंथोडं सामान मागवू लागलो. अगरबत्तीच्या खालचा एक कप्पा भाईंनी मला दिला. गुटी म्हणजे काय, तर हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, सुंठ, जायफळ, बदाम, खारीक असं एकेक घ्यायचं आणि आईच्या दुधात सहाणेवर उगाळायचं. प्रत्येकाचा एक वळसा, म्हणजे सहाणेवर एकदा गोल फिरवायचं. जे चाटण होतं ते बोटानं बाळाला. दात येताना हिरड्यांना डिकेमाली चोळायची. हा एका झाडाचा डिंक. वास असा की मी डबा उघडला की भाई पार्किंगमध्ये जाऊन उभे राहायचे. एकदा विमानतळावर कस्टमच्या माणसानं डबा उघडून हुंगला, आणि मग दुसऱ्या माणसाला बोलावून त्यालाही हुंगायला लावलं.

देशात हे सगळं आई नाहीतर सासू करते. इथे दोघींपैकी कुणी नाही. पत्र यायला दहा-बारा दिवस. बाया ती पत्रं घेऊन माझ्याकडे यायच्या. "काका, आईनं लिहिलंय तीन वळसे. कशाचे ते लिहिलंच नाही." आणि सगळ्यात जास्त चौकशी दातांची. शेजारच्या अमेरिकन बाळाला सहाव्या महिन्यात दोन आले, आमच्याला दहावा चालू आहे, हिरडी कोरी. डॉक्टर म्हणतात, थांबा. थांबायचं किती? तिकडे आजी फोनवर सगळ्यात आधी तेच विचारते. मूल रडतं का, खातं का, हे मागाहून.

मला खरं सांगायचं तर या प्रकारात फार गोडी लागली. पंचेचाळीस वर्षं मी माल दिला, पण दिल्यावर पुढे काय झालं हे कधी कळलं नव्हतं. गिऱ्हाईक गेलं की गेलं. इथे तीच माणसं दर शनिवारी भाजीला येणार, तेच बाळ घेऊन. मी बघायला लागलो. एकाच पुडीतली गुटी दोन घरी जायची. एकाला सातव्या महिन्यात दात, दुसऱ्याला बाराव्यात. मग माझ्या मालानं काय केलं? हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, माझा मलाच पडला.

मग मी उलट विचारायला सुरुवात केली. बापाला विचारायचो, "तुम्हाला स्वतःला कधी आले?" एवढे शिकलेले लोक, रॉकेटची गणितं करणारे, पण स्वतःचा पहिला दात कधी आला ते माहीत नाही! मी म्हणायचो, आईला लिहून विचारा. उत्तरं आली. बहुतेक उशिराच्या पोरांचा बाप नाहीतर आई उशिराचीच निघायची. मला झोप लागेना इतका आनंद झाला. आमच्याकडे एक मराठी डॉक्टरीणबाई तूरडाळ न्यायला यायच्या, लहान मुलांच्याच डॉक्टर. त्यांना मी माझा शोध सांगितला.

त्या म्हणाल्या, "काका, हे आमच्या पुस्तकात आहे."

मी म्हणालो, "असेल. पण पुस्तकवाल्यांनी मला विचारून लिहिलं नाही आणि मी त्यांना विचारून शोधलं नाही."

तेव्हापासून माझा नियम झाला. कुणी उशिराच्या दातांचा विषय काढला की मी म्हणायचो, "बापाला विचारा." लोकही म्हणू लागले, काकांना विचारा. माझी मान थोडी ताठ झाली. मुळात ती ताठच होती.

आता मुक्ताचं सांगतो.

तिचे आईवडील माधुरी आणि श्रीकांत, दोघं पुण्याकडचे. श्रीकांत इंजिनिअर, माधुरी एका प्रयोगशाळेत कामाला. मुक्ता चार महिन्यांची असताना ते पहिल्यांदा गुटीला आले. श्रीकांतनं विचारलं, "काका, एक वळसा म्हणजे एक्झॅक्टली किती मिलिग्रॅम?"

मी म्हटलं, "तुमच्या आईनं तुम्हाला दिला तेवढा."

पुढच्या शनिवारी हजर. ऑफिसातल्या काट्यावर हळकुंड उगाळण्याआधी आणि नंतर तोलून आणलेलं. "काका, माधुरीचा वळसा माझ्या दुप्पट आहे. कन्सिस्टन्सी नाही."

माधुरी म्हणाली, "कारण मी उगाळते आणि तू मोजतोस."

मला ते जोडपं आवडलं. माधुरी कामावर जायची तेव्हा मुक्ता एका म्हाताऱ्या बाईकडे असायची, तिच्या बेसमेंटमध्ये, म्हणजे तळघरात. मुक्ताला चौदावा महिना लागला. तोंडात एकही दात नाही. श्रीकांतच्या आईचं पत्र आलं, ते माधुरीनं मला काउंटरवरच वाचून दाखवलं. लिहिलं होतं की आमच्या घरात पोरांची अशी आबाळ कधी झाली नाही, आईनं तिसऱ्या महिन्यात नोकरीवर जायचं आणि मूल परक्याकडे ठेवायचं, मग दात कुठून येणार. वाचताना तिचा आवाज बदलला नाही. घडी घालून पत्र पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, "मी नोकरी सोडली काका. सोमवारपासून घरी."

मी श्रीकांतला म्हटलं, "तुम्हाला कधी आला ते विचारा." घरी जाऊन फोन लावला त्यानं आणि पुढच्या शनिवारी दोघं सांगायला आले. आई म्हणाली, तेरावा महिना सरताना, पण तुझी गोष्ट वेगळी. मी टाळीच वाजवली. म्हटलं, "झालं! पोरगी बापावर गेलीय. काही करू नका."

माधुरी म्हणाली, "पण काका, ती उभी पण राहात नाही. आणि झोपली की डोक्याला एवढा घाम येतो की उशी ओली. बाहेर बर्फ आहे आणि हिला घाम."

मी म्हटलं, "घरात हीटर किती लावता?"

ती म्हणाली, "दूध पण माझंच पिते, कार्टनचं थुंकते. जन्मल्यावर डॉक्टरांनी व्हिटॅमिनचे थेंब दिले होते, ते पण ओकायची. सासूबाई म्हणाल्या बाहेरचं गरम पडतं, म्हणून बंद केले. परत सुरू करू का?"

दुकानात शनिवारची गर्दी. चार बाया ऐकत होत्या. मी म्हटलं, "गुटीत सगळं आहे. थेंब-बिंब सोड. तेल लाव आणि कोवळं ऊन दे."

"बाहेर शून्याखाली आहे काका."

"मग खिडकीत दे. ऊन ते ऊन."

हे शब्द माझेच. खोडावेसे वाटतात, पण राहू दे.

दोन महिने गेले. फेब्रुवारीत माधुरी एका शनिवारी आली. मुक्ता जाड बर्फाच्या कोटात, बाहुलीसारखी. सोळावा महिना. दात नाही. भाजी निवडताना माधुरीनं तिच्या हातातला मोजा काढला आणि मला पोरीचं मनगट दिसलं. जाड. हात बारीक आणि मनगटाशी गाठ आल्यासारखं रुंद.

बार्शीला आमच्या दुकानासमोर एक वैद्य बसायचे. एकदा त्यांनी एका पोराचं असंच मनगट माझ्या हातात देऊन सांगितलं होतं, हे बघून ठेव, याला मुडदूस म्हणतात. हाडं कच्ची राहतात. त्या पोराच्या पायांची पुढे कमान झाली. तो चालायचा ते मला दिसत होतं पुढची पंधरा वर्षं, रोज, दुकानावरून जाताना.

मला कळलं. आणि मी बोललो नाही. काउंटरपाशी एक बाई दुसरीला सांगत होती, "काकांना विचार ना, ते बरोबर सांगतात." माधुरीनं हळकुंड मागितलं. मी पुडी बांधून दिली आणि तिला जाऊ दिलं.

रविवार तसाच गेला. मुलगा विचारत होता, बाबा जेवत का नाही. सोमवारी सकाळी मी दुकानातून डॉक्टरीणबाईंच्या क्लिनिकला फोन लावला. माझं इंग्रजी म्हणजे दोन शब्द, पण त्यांच्या माणसाला कळलं की म्हातारा फोन ठेवणार नाही. बाई आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "ऊन कसं देतात?"

"खिडकीत. काचेतून."

"काका, काचेतून उपयोग नाही."

मी म्हटलं, "का नाही? आमच्या दुकानाच्या काचेशी ठेवलेल्या हळदीच्या पुड्या पंधरा दिवसांत पांढऱ्या पडतात. हळदीला लागतं ते ऊन हाडाला लागत नाही?"

त्या घाईत होत्या, तरी माझ्याशी भांडल्या, याचं मला आजही कौतुक वाटतं. म्हणाल्या, "ऊन एकच नसतं काका. त्यात बरेच प्रकार असतात. रंग उडवणारं काचेतून येतं, उजेड येतो, ऊब येते. हाडासाठी जे लागतं तेवढंच नेमकं काच अडवते. म्हणून ते डी व्हिटॅमिनचे थेंब देतात. आणि इथल्या दुधात तेच घातलेलं असतं, ते ही पोरगी पीत नाही. आज आणा तिला. आजच."

मी काचेकडे बघत बसलो. इतकी स्वच्छ काच. पलीकडच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येत होती. आणि म्हणे अडवते! मला ते आजही नीटसं पटलेलं नाही, पण खरं आहे.

भाईंनी दुकान बंद करून मला गाडीनं माधुरीच्या घरी नेलं. सोमवार असूनही श्रीकांत घरी होता, बर्फामुळे ऑफिसला सुट्टी. दार माधुरीनं उघडलं. आत बघितलं. सोफा भिंतीला सरकवलेला. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आलेला आणि त्यात दुपट्यावर मुक्ता, तेलानं चकचकीत. गालिच्यावर जागोजागी चिकटपट्टीच्या खुणा, त्यावर श्रीकांतच्या अक्षरात वेळा. साडेनऊ, दहा, साडेदहा. ऊन सरकेल तसं दुपटं सरकवायचे. दोन महिने. माझ्या एका वाक्यावर.

मी उभ्यानंच सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. "मी चुकीचं बोललो. खिडकीतलं ऊन उपयोगाचं नाही. थेंब सोडायला सांगायला नको होतं. पोरीला मुडदूस असावा. डॉक्टरीणबाई वाट बघताहेत."

श्रीकांत म्हणाला, "पण काका, मला तेराव्याला आला होता. बापावर जातं, हे तुम्हीच म्हणालात. तुमचा रूल आहे."

"आहे. मीच मोडतो."

"असं कसं? डेटा तर तोच आहे ना! आमच्या डॉक्टरांनी पण सांगितलं होतं, वेट करा."

"ते कधी?"

"दहाव्या महिन्यात."

"त्यानंतर दाखवलंत?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग एकदम चिडला. "तुम्ही एवढ्या खात्रीनं बोललात म्हणून नाही दाखवलं! आता येऊन सांगता मुडदूस! तुम्ही काय डॉक्टर आहात?"

मी म्हटलं, "नाही. म्हणून तर आलो."

त्याला राग यायलाच हवा होता. पण मी पाहिलं, तो रागापेक्षा घाबरलेला होता. माझ्या नियमात त्याची पोरगी बरी होती. तो नियम सोडायला त्याचा हात उठत नव्हता. आम्ही दोघं तिथे वाद घालत राहिलो, दोन हट्टी माणसं, आणि मागे वळून बघतो तर माधुरीनं मुक्ताला पुसून बर्फाचा कोट घातला होता आणि स्वतः बूट घालत होती.

"तुमचं चालू द्या," ती म्हणाली. "भाई, तुम्ही सोडता का आम्हाला?"

एक्सरे झाला, रक्त काढलं. मुडदूसच. डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं, बेसमेंटपासून. म्हणाल्या, वेळेत आलात, पाय अजून फारसे वाकलेले नाहीत, औषधानं भरून येईल. आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, गुटी विका. पण आधी थेंबांचं विचारत जा."

मी तसंच केलं. पुढे जी सहा वर्षं त्या दुकानात होतो, थेंब चालू असल्याशिवाय एकालाही हळकुंड दिलं नाही. एकानं भाईंकडे तक्रार केली की तुमचा म्हातारा इन्क्वायरी करतो. भाईंनी त्याला मूगडाळ दिली आणि वाटेला लावलं. "बापाला विचारा" हेही बंद नाही केलं. तो नियम खरा आहे. फक्त त्याच्यापुढे मी मनगट बघायला लागलो.

श्रीकांत त्यानंतर दुकानात येईना. माधुरी एकटी यायची, कामापुरतं बोलायची. पहिला दात सतराव्या महिन्याच्या शेवटी आला, खालचा. औषधानं आला की बापाची वेळ भरली म्हणून आला, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. अशी उत्तरं मला आवडत नाहीत, पण त्या खोटं बोलल्या नाहीत.

जुलैच्या एका दुपारी श्रीकांत आला. खांद्यावर मुक्ता. त्यानं तिला माझ्यासमोर काउंटरवर उभं केलं. उभं! आणि म्हणाला, "बघा."

मी मनगटाला हात लावला तसा तिनं तो जोरात ओढून घेतला आणि भोकाड पसरलं. तोंडात दोन वर, दोन खाली.

"कडक आहे," मी म्हटलं.

"हो." त्यानं खिशातून कोरा निळा एरोग्राम काढला, परदेशी पाठवायचं घडीचं पत्र. "आईचं पुन्हा पत्र आलंय. म्हणते, बघ, सून घरी राहिली म्हणून दात आले. आता मी काय लिहू काका? माधुरी वाचते आणि काही बोलत नाही. तिला नोकरीवर परत बोलावताहेत आणि ती हो म्हणत नाही."

मी म्हटलं, "जे झालं ते लिहा."

"मी लिहिलं तर आईला वाटेल बायकोची बाजू घेतो."

"मग मी लिहितो."

मी त्याच्या हातातून एरोग्राम घेतला. भाईंचं पेन घेतलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, थांबली. मी लिहिलं: 'मी बार्शीचा. काष्ठौषधीच्या दुकानात पंचेचाळीस वर्षं होतो. तुमच्या नातीला मुडदूस झाला होता. त्यात तुमच्या सुनेची काही चूक नाही. तिनं थेंबांबद्दल मला विचारलं तेव्हा सोड म्हणून मी सांगितलं. मी सांगितलेलं ऊन तिनं नोकरी सोडून दोन महिने पोरीला दिलं, ते चुकीचं होतं. मी कबूल करायला आणखी दोन दिवस लावले. दवाखान्यात पोरीला तिनं नेलं, तेव्हा मी आणि तुमचा मुलगा भांडत होतो.' खाली पूर्ण नाव घातलं.

श्रीकांतनं वाचलं. म्हणाला, "शेवटचं वाक्य पाहिजेच का?"

मी म्हटलं, "पाहिजे." आणि त्यानंच कडा चिकटवल्या.

श्रीकांतच्या आईंचं मला उत्तर आलं नाही. माधुरीला आलं. सप्टेंबरपासून ती शनिवारीच दिसायला लागली, कारण बाकीचे दिवस कामावर. मुक्ताला तिनं एका बाईकडे ठेवलं होतं, जिच्या घराला मागे अंगण आहे. पत्रात काय होतं ते तिनं सांगितलं नाही. आयुष्यभर मी लोकांना नको ते प्रश्न विचारत आलो. हा मात्र विचारला नाही. अजून विचारावासा वाटतो.